तोट्यातले शेअर विकताना हात का अडतो?

अर्धविराम

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी बचतीतला काही भाग शेअरमध्ये गुंतवतो. पेशाने लेखापाल असल्यामुळे आकड्यांची धास्ती नाही, आणि वर्ष संपले की स्वतःच्या व्यवहारांचाही रीतसर ताळा मांडायची सवय आहे. यंदा तो मांडताना काय विकले आणि काय ठेवले अशा दोन याद्या समोरासमोर लिहिल्या, आणि जे दिसले त्याने मी वरमलो. वर्षभरात मी नऊ कंपन्यांचे शेअर विकले होते आणि त्यांतले आठ नफ्यातले होते. हाती उरलेल्या अकरांपैकी सात तोट्यात होते, आणि त्या सातांतले तीन तर चार वर्षांहून अधिक काळ तसेच पडून आहेत. दुभती जनावरे विकून भाकड पोसावीत, तसा हा कारभार झाला.

एक प्रसंग सांगतो. एका कंपनीचा शेअर मी विशिष्ट कारणासाठी घेतला होता, आणि ते कारणच आता उरलेले नाही, हे तिच्या लागोपाठ तीन तिमाहींच्या निकालांनंतर मला स्वच्छ दिसत होते. विकायचे ठरवून मोबाइल उघडला, संख्या भरली, भाव पाहिला, आणि शेवटचे बटण दाबण्याआधी नजर शेजारच्या लाल आकड्यावर गेली. तो आकडा मला तोंडपाठ होता. तरीही तो पाहून मी मनाशी म्हणालो, "मुद्दल तरी सुटू दे, मग निघू", आणि ॲप बंद केले. असे तीन वेळा झाले. तिसऱ्या खेपेनंतर तर मी तोच शेअर आणखी थोडा घेऊन ॲव्हरेज, म्हणजे सरासरी खरेदीभाव, खाली आणला, आणि त्या संध्याकाळी मला फार बरे वाटले. त्या बरे वाटण्याचीच आता जास्त काळजी वाटते.

या विषयावर मी थोडेफार वाचलेले आहे. नफ्याच्या सुखापेक्षा तोट्याचे दुःख मोठे असते, हे वाक्य तर आता सगळीकडे ऐकू येते. माझे प्रश्न दोन आहेत. माझ्या वागण्यामागे केवळ तोट्याची धास्ती आहे की त्याहून वेगळे काही आहे? आणि चूक नावानिशी ठाऊक असूनही ती हातून घडतेच कशी? कोणता शेअर ठेवावा आणि कोणता काढावा, हा सल्ला मला नको आहे.

खडूफळा

तुमच्या दोन याद्यांना अभ्यासात नाव आहे. हर्श शेफ्रिन आणि माइर स्टॅटमन यांनी १९८५ साली या प्रवृत्तीला 'डिस्पोझिशन इफेक्ट' म्हटले: नफ्यातले लवकर विकायचे आणि तोट्यातले धरून ठेवायचे. पुढे टेरन्स ओडीन यांनी एका अमेरिकन दलाली संस्थेतील दहा हजार खात्यांचे १९८७ ते १९९३ या काळातले व्यवहार तपासले आणि १९९८ साली निष्कर्ष छापले. गुंतवणूकदाराने काहीतरी विकले अशा दिवशी त्याच्याकडे नफ्यात असलेल्या शेअरांपैकी किती विकले गेले आणि तोट्यात असलेल्यांपैकी किती, एवढेच त्यांनी मोजले. नफ्यातले सुमारे १४.८ टक्के विकले गेले होते आणि तोट्यातले ९.८ टक्के. शिवाय जे नफ्यातले विकले, त्यांनी पुढच्या वर्षभरात धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी ३.४ टक्के अंकांनी अधिक परतावा दिला. तेव्हा "खाली गेलेला वर येईलच" या आशेला निदान त्या खात्यांत तरी आधार सापडला नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. तोट्याची धास्ती हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. मी अर्थशास्त्र शिकवतो, आणि विद्यार्थी नेमके इथेच घसरतात. नुसत्या धास्तीने माणूस तोट्यापासून पळायला हवा. तो तोट्याला चिकटून का बसतो, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांच्या १९७९ सालच्या प्रॉस्पेक्ट थिअरीतला, म्हणजे जोखमीपुढे माणूस प्रत्यक्षात कशी निवड करतो याच्या सिद्धांतातला, दुसरा मुद्दा लागतो.

त्यांनी विद्यार्थ्यांपुढे एक पर्याय ठेवला: खात्रीने ३००० मिळवा, किंवा ८० टक्के शक्यतेने ४००० मिळवा आणि उरलेल्या २० टक्क्यांत काहीच नाही. रक्कम त्या वेळच्या इस्रायली चलनात होती. सरासरीने पाहिले तर दुसरा पर्याय ३२०० चा, म्हणजे सरस, तरीही ८० टक्के लोकांनी खात्रीचे ३००० पत्करले. मग हाच प्रश्न उलटा केला: खात्रीने ३००० गमवा, किंवा ८० टक्के शक्यतेने ४००० गमवा आणि उरलेल्या २० टक्क्यांत काहीच गमवू नका. या खेपेला ९२ टक्के लोकांनी जुगार निवडला, वास्तविक सरासरीने तो ३२०० च्या तोट्याचा, म्हणजे खात्रीच्या तोट्याहून वाईट होता. मिळवताना सावध असलेला माणूस गमावताना धाडसी होतो, आणि तेही चुकीच्या जागी.

हे तुमच्या शेअरला लावून पाहा. तुम्ही तो शंभराला घेतला आणि आज तो साठावर आहे असे समजू. बाजाराच्या दृष्टीने तो साठाचा आहे, विषय संपला. तुमच्या मनाचे शून्य मात्र अजून शंभरावर रोवलेले आहे. शंभरावरून नव्वदावर येताना जेवढे झोंबले, तेवढे साठावरून पन्नासावर येताना झोंबत नाही, कारण वेदनेची चढण पुढे पुढे सपाट होत जाते. उलट साठावरून शंभरावर परत जाण्यात सगळी वेदना पुसली जाण्याची आशा असते. अशा ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाला आणखी दहाची जोखीम स्वस्त वाटते. "मुद्दल सुटू दे" हे वाक्य म्हणजे शंभरावरच्या त्या शून्याची भाषा आहे. तुम्ही ॲव्हरेज खाली आणलात तेव्हा ते शून्यच थोडे खाली ओढलेत, म्हणून बरे वाटले. शेअरमध्ये काहीही बदलले नव्हते.

उलटतपासणी

वरचे विवेचन उत्तम आहे, पण थोडी हरकत नोंदवतो. तोट्यातला शेअर ठेवला म्हणजे मन घसरलेच, असे मानणे हीसुद्धा घाईच आहे. भाव वाजवीपेक्षा खाली गेला आहे असे कोणी विचारपूर्वक मानत असेल, तर तो ठेवणे हे मत झाले, विकार नव्हे. वाढलेला शेअर एकूण गुंतवणुकीत फार मोठा हिस्सा व्यापू लागला म्हणून थोडा विकणे हा तर शिस्तीचा भाग आहे. ओडीन यांनी ही शंका ध्यानात घेऊन एखादा शेअर पूर्ण विकला गेला अशीच प्रकरणे वेगळी तपासली होती आणि कल तरीही टिकला, हे मान्य. पण ती हजारो खात्यांची सरासरी आहे. तिच्यावरून एका माणसाच्या एका निर्णयाचे निदान करता येत नाही.

दुसरे असे की हे सगळे मानवी स्वभावात कोरलेले आहे, हा सूर मला खटकतो. जॅक क्नेत्श यांच्या १९८९ सालच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना आधी कप दिला आणि तो चॉकलेटशी बदलायची मुभा दिली, तर ८९ टक्के जणांनी कपच ठेवला. दुसऱ्यांना आधी चॉकलेट दिले, तर ९० टक्के जण चॉकलेटलाच चिकटले. हातात आले ते प्रिय झाले, असा त्याचा अर्थ लावला जातो. पुढे जॉन लिस्ट यांनी खेळाडूंच्या चित्रांची कार्डे विकणाऱ्या-घेणाऱ्यांच्या बाजारात असाच अदलाबदलीचा प्रयोग केला (निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले), तेव्हा नवख्यांमध्ये हा चिकटपणा स्पष्ट दिसला, पण वर्षानुवर्षे देवाणघेवाण करणाऱ्यांमध्ये तो जवळजवळ विरला होता. ज्याचे हात रोज वस्तू सोडतात, त्याला सोडणे म्हणजे गमावणे वाटत नाही. अर्धविराम वर्षाला नऊ वेळा विकतात. एवढ्या सरावावर हात मोकळा कसा होणार?

मधली ओळ

धागा वाचून मी लिहायला बसले, कारण पहिल्या प्रश्नाचे जे उत्तर मला सर्वांत पटते ते अजून आलेले नाही. मुळाशी तोट्यापेक्षा आपली चूक आपल्याच हाताने नोंदवण्याची टाळाटाळ आहे, असे मला वाटते. याला दोन अभ्यासांचा आधार आहे.

मार्टिन वेबर आणि कॉलिन कॅमरर यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना काही काल्पनिक शेअरांचा व्यवहार करायला दिला. नेहमीच्या पद्धतीत अपेक्षेप्रमाणे तोट्यातले धरून ठेवले गेले. मग नियम बदलला: प्रत्येक फेरी संपली की सगळे शेअर आपोआप विकले जात, आणि ज्याला हवे त्याने ते त्याच भावाने, कोणताही खर्च न लागता, परत घ्यावेत. हिशेबाच्या दृष्टीने दोन्ही पद्धती अगदी सारख्या आहेत. जो शेअर तुम्हाला प्रिय आहे, तो एका शब्दाने परत मिळतो. तरीही दुसऱ्या पद्धतीत तो कल खूपच कमी झाला. जे शेअर लोक विकत नव्हते, ते त्यांनी परत घेतलेही नाहीत. त्यांना तो शेअर नकोच होता, फक्त तो सोडण्याची कृती स्वतः करायची नव्हती. उलटतपासणी म्हणतात तसे ते मत असते, तर शेअर आपोआप विकला गेल्यावर त्या मताने तो परत घ्यायला लावला असता.

दुसरा अभ्यास मला त्याहून बोलका वाटतो. टॉम चँग, डेव्हिड सॉलोमन आणि मार्क वेस्टरफील्ड यांनी २०१६ साली दाखवले की हेच छोटे गुंतवणूकदार म्युच्युअल फंडांच्या बाबतीत उलटे वागतात. तिथे ते तोट्यातला फंड चटकन विकतात आणि नफ्यातला ठेवतात. पैसा तोच, तोटाही तसाच, मग फरक कुठे आहे? फंडाच्या मागे व्यवस्थापक असतो. त्याला मनातल्या मनात काढून टाकता येते, आणि तोटा बुक करणे, म्हणजे विकून तो पक्का करणे, ही दुसऱ्याला शिक्षा ठरते. स्वतः निवडलेल्या शेअरच्या बाबतीत काढून टाकायला समोर आपल्याशिवाय कोणी नसते. केवळ तोट्याची वेदना हेच कारण असते, तर ती दोन्हीकडे सारखीच लागू व्हायला हवी होती.

खडूफळा यांच्या मांडणीला यामुळे धक्का लागत नाही, पण एक पुरवणी जोडावी लागते. निकोलस बार्बेरिस आणि वेई शियाँग यांनी २००९ साली गणित करून दाखवले की प्रॉस्पेक्ट थिअरी केवळ कागदावरच्या नफ्या-तोट्याला लावली, तर काही परिस्थितींत त्यातून नेमके उलटे वर्तनही निघते. सुखदुःख प्रत्यक्ष विक्रीच्या क्षणी होते असे धरले, की मात्र हा कल अधिक सहज निघतो. म्हणजे सगळे वजन त्या शेवटच्या बटणावर आहे. अर्धविराम यांना लाल आकडा तोंडपाठ होता, रोज दिसत होता, आणि तरी तो जेमतेम सोसवत होता, कारण तोवर तो नुसता आकडा होता. बटण दाबले की त्याचा निकाल झाला असता. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. चुकीचे नाव ठाऊक असणे हे माहितीच्या खात्यात जमा होते, आणि बटणाजवळ अडते ती माहिती नसते.

अर्धविराम

सर्वांचे आभार. 'मधली ओळ' यांचा फंडांचा मुद्दा वाचून मी माझी जुनी कागदपत्रे काढली. तोट्यातले दोन फंड मी गेल्या काही वर्षांत विकले होते, आणि त्यांपैकी एकाही वेळी हात अडल्याचे आठवत नाही. उलट एकदा तर विकल्यावर घरात त्या व्यवस्थापकाच्या नावाने बराच वेळ बोललो होतो, हे स्मरणात आहे.

वेबर आणि कॅमरर यांच्या नियमावरून मी काल एक प्रयोग केला. अकराही शेअरांची यादी नव्या तक्त्यात लिहिली, खरेदीच्या किमतीचा रकाना काढून टाकला, आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवला: समजा हा काल रात्री आपोआप विकला गेला आणि आज त्याचे पैसे रोख हातात आहेत, तर आज हाच परत घ्याल का? तोट्यातल्या सातांपैकी पाचांपुढे मी कसलीही ओढाताण न होता 'नाही' लिहिले. गंमत म्हणजे नफ्यातल्या चारांपैकी एकापुढेही 'नाही' आले. हे सगळे दहा मिनिटांत झाले. त्यानंतर मोबाइल उघडला, आणि तिथे तो लाल रकाना जागेवरच होता. एकही शेअर विकला नाही. उत्तर कळूनही हात हलत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला माझ्याच घरी मिळेल असे वाटले नव्हते. पुढे काय करावे?

खडूफळा

तुमच्या प्रयोगाला संशोधनातही जोडीदार आहे. कॅरी फ्रीडमन आणि अँटोनियो रँगेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्यवहाराच्या पडद्यावरून खरेदीची किंमत दिसेनाशी केली, आणि हा कल कमी झाला. नाहीसा मात्र झाला नाही, कारण किंमत डोक्यातही राहतेच. तुम्ही तक्त्यातून रकाना काढलात, पण बटण जिथे आहे तिथे तो तसाच ठेवलात. निर्णय एका जागी आणि कृती दुसऱ्या जागी झाली, की मधल्या वाटेत शंभरावरचे शून्य पुन्हा गाठतेच.

म्हणून कृती त्या क्षणाच्या हाती ठेवूच नये. शेअर घेतानाच, अजून नफाही नाही आणि तोटाही नाही अशा वेळी, तो कोणत्या कारणासाठी घेतला आणि काय घडले तर विकायचा हे दोन ओळींत लिहून ठेवावे. ठरावीक भावाला आपोआप विक्री होईल अशी स्टॉप लॉसची सोय वापरता येते, पण तिच्याबद्दल मी थोडा हात राखूनच बोलतो. क्षणिक घसरणीत ती उगाच लागू शकते, आणि बाजार एकदम खूप खाली उघडला तर ठरवलेला भाव मिळेलच असे नाही. मला भावाच्या अटीपेक्षा कारणाची अट अधिक आवडते: ज्या कारणासाठी घेतला ते गेले, की शेअर गेला. अर्थात ही अट आपोआप अमलात येत नाही, ती दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवावी लागते.

तारखेलाही मोठे बळ असते. ओडीन यांच्या त्या खात्यांत वर्षाचे अकरा महिने तोट्यातले शेअर धरून ठेवले जात, पण डिसेंबरात चित्र उलटत असे, कारण अमेरिकेत कराच्या हिशेबात तोटा दाखवण्याची मुदत वर्षाअखेर संपते. माणसे तीच, शेअर तेच. तोटा बुक करणे म्हणजे चूक कबूल करणे, याऐवजी कर वाचवणे असे नाव त्याला मिळाले, आणि हात मोकळा झाला.

आणि ॲव्हरेज करण्याबद्दल एक इशारा देतो. ॲलेक्स इमस यांनी २०१६ साली दाखवले की तोटा कागदावरच असेल तर माणूस पुढे अधिक जोखीम घेतो, आणि तोच तोटा प्रत्यक्ष चुकता झाला की सावध होतो. म्हणजे न विकलेला शेअर तुमच्या पुढच्या निर्णयांनाही हात लावत असतो. निदान आणखी खरेदी तरी थांबवा.

उलटतपासणी

माझी हरकत मी अर्धी मागे घेतो. आपोआप विक्रीचा तो प्रयोग मला ठाऊक नव्हता, आणि तो माझ्या पहिल्या परिच्छेदावर थेट बोट ठेवतो. सरावाचा मुद्दा मात्र सोडत नाही. पाचही एकाच दिवशी काढायला निघालात तर पुन्हा तेच होईल. सर्वांत लहान तोट्याचा आधी काढा. त्या रकमेसाठी नव्हे, तर बटण दाबल्यावर पुढे काय होते ते एकदा पाहून ठेवण्यासाठी.

अर्धविराम

आज सकाळी तसे केले. 'नाही' लिहिलेल्या पाचांपैकी ज्याचा तोटा सर्वांत लहान होता तो निवडला. तक्ता पत्नीच्या हातात दिला, ती मोठ्याने 'नाही' म्हणाली, आणि मी लाल आकड्यावर अंगठा ठेवून दुसऱ्या हाताने बटण दाबले. पुढे काहीच झाले नाही. विक्री झाल्याचा संदेश आला, आणि यादीत एक ओळ कमी झाली. थोड्या वेळाने दुसराही काढला, तेव्हा अंगठा ठेवायची गरज पडली नाही.

उरलेल्या तिघांत तो पहिल्या प्रसंगातला शेअरही आहे. त्याच्यासाठी महिनाअखेरची तारीख लिहून ठेवली आहे आणि ती तारीख पत्नीलाही सांगितली आहे. दुपारपर्यंत सकाळी विकलेल्यांपैकी एकाचा भाव दोन टक्क्यांनी वर गेला होता. हे मला ठाऊक आहे, कारण विकल्यापासून मी तो चार वेळा पाहिला.